गेममधून पूर्ण लांबीचा चित्रपट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘गेम मूव्ही’ म्हणजे नेमके काय?

एखादा कथाप्रधान व्हिडिओ गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळायचा, त्याचे चित्रण करून ठेवायचे, आणि मग त्या दहा, वीस किंवा चाळीस तासांच्या चित्रणातून सलग बसून पाहता येईल असा चित्रपट संकलित करायचा, या उद्योगाला चाहत्यांमध्ये ‘गेम मूव्ही’ असे म्हणतात. यात खेळणाऱ्याचा आवाज नसतो, कोपऱ्यात त्याचा चेहरा नसतो, आणि पडद्यावर गोळ्यांचा हिशेब किंवा नकाशाही दिसत नाही. ज्या चित्रफितीत खेळाडू बोलत बोलत खेळतो ती ‘लेट्स प्ले’. आणि गेमचे जग केवळ चित्रीकरणस्थळ म्हणून वापरून त्यात स्वतःची निराळी कथा घडवली जाते ती ‘मशिनिमा’. गेम मूव्हीमध्ये कथा गेमचीच असते. संकलकाचे असते ते एवढेच की काय ठेवायचे आणि काय टाकायचे.

हा प्रकार केव्हापासून आहे?

त्याचे मूळ मशिनिमात शोधावे लागते. ‘क्वेक’ या गेममध्ये खेळाची नोंद एका छोट्या ‘डेमो’ फायलीत साठवण्याची सोय होती, आणि ती फाइल ज्याच्याकडे गेम आहे त्याला आपल्या संगणकावर पुन्हा चालवून पाहता येत असे. याच सोयीचा फायदा घेऊन ‘रेंजर्स’ नावाच्या खेळाडूंच्या गटाने १९९६ साली ‘डायरी ऑफ अ कॅम्पर’ हा जेमतेम दीड मिनिटाचा लघुपट केला. पुढच्याच वर्षी ‘क्वेक डन क्विक’ या प्रकल्पात संपूर्ण गेम वीस मिनिटांच्या आत पार केल्याची नोंद करण्यात आली आणि नंतर तीच नोंद बाहेरच्या कॅमेऱ्याच्या कोनांतून पुन्हा चित्रित केली गेली. म्हणजे खेळणे हे एक काम आणि त्याचे चित्रण करणे हे दुसरे काम, हा भेद तिथे प्रथम ठळक झाला. २००० साली क्वेकमध्येच घडवलेला ‘द सील ऑफ नेहाहरा’ जवळजवळ चार तासांचा होता. त्याच वर्षी एडिनबर्गच्या ह्यू हॅन्कॉक यांनी मशिनिमाला वाहिलेले संकेतस्थळ सुरू केले आणि हा शब्द रूढ झाला. २००३ पासून ‘हेलो’ गेममध्ये चित्रित होऊ लागलेल्या ‘रेड व्हर्सेस ब्लू’ या विनोदी मालिकेने हा प्रकार गेम न खेळणाऱ्या प्रेक्षकांपर्यंतही पोहोचवला.

कथेला हात न लावता गेमचाच चित्रपट करण्याचे पीक मात्र त्यानंतरचे. त्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या: गेमची दृश्ये चित्रपटासारखी दिसू लागणे, घरच्या घरी चित्रण करता येणे, आणि यूट्यूबवर तासन्‌तासांची चित्रफीत चढवता येणे. २०१३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ४ या कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राच्या, कंट्रोलरवर ‘शेअर’ नावाचे बटणच होते. तोवर वेगळे यंत्र जोडून करावे लागणारे काम त्या दिवसापासून अंगठ्याखाली आले.

हे केवळ चाहत्यांचेच खूळ आहे का? कंपन्यांनी स्वतः असे कधी केले आहे का?

केले आहे, आणि चाहत्यांच्या बरेच आधी. सेगा कंपनीने आपल्या ड्रीमकास्ट या कन्सोलवरील ‘शेनमू’ या गेमच्या दृश्यांतून सुमारे दीड तासाचा चित्रपट तयार केला. तो २००१ साली जपानमध्ये चित्रपटगृहांत दाखवला गेला आणि पुढे ‘शेनमू २’ च्या एक्सबॉक्स आवृत्तीसोबत डीव्हीडीवरही दिला गेला. पहिला भाग न खेळलेल्यांना दुसऱ्या भागात शिरता यावे, हा त्यामागचा सरळ व्यवहार होता. गेम-दिग्दर्शक हिदेओ कोजिमा यांच्या ‘मेटल गिअर सॉलिड ३’ ची ‘सबसिस्टन्स’ ही आवृत्ती आली तेव्हा तिच्या मर्यादित संचात ‘एक्झिस्टन्स’ नावाची तिसरी तबकडी होती, आणि तीत त्या गेमचा साडेतीन तासांचा चित्रपट होता. स्क्वेअर एनिक्सने २०१३ च्या ‘किंगडम हार्ट्स’ संग्रहात तर एक अख्खा गेम खेळायला न देता केवळ दृश्यांची मालिका म्हणून दिला. मधल्या खेळातले प्रसंग लिखित मजकुराने भरून काढले होते. हा शेवटचा उपाय संकलक म्हणून आम्हाला आळशी वाटतो. चाहत्यांनी मात्र तो बराच उचलला आहे.

कटसीन एकापुढे एक जोडले की चित्रपट झाला, नाही का?

नाही. नवख्यांची सर्वांत मोठी गफलत हीच असते. कटसीन म्हणजे गेममधली ती दृश्ये, जिथे खेळाडूच्या हातातून सूत्रे काढून घेऊन कथा पुढे सरकवली जाते. परंतु ती लिहिणाऱ्याने असे गृहीत धरलेले असते की दोन कटसीनच्या मध्ये खेळाडूने अर्धा तास अंधारात, धास्तीत किंवा कंटाळ्यात काढला आहे. तो अर्धा तास काढून टाकला की पात्रे एका किंचाळण्यातून थेट दुसऱ्या रडण्यावर उडी मारतात, आणि प्रेक्षकाला एक सलग कथा दिसण्याऐवजी लांबलचक जाहिरात पाहिल्यासारखे वाटते.

‘द लास्ट ऑफ अस’ या २०१३ च्या गेमचे उदाहरण घेऊ. (ज्यांना तो अजून खेळायचा आहे त्यांनी हे उत्तर इथेच सोडावे.) सुरुवातीला सूत्रे सारा या मुलीच्या हाती असतात: रात्री जाग आलेली ती मुलगी वडिलांना शोधत घरभर फिरते, त्यांच्या खोलीत दूरचित्रवाणीवर बातमी चालू असते, आणि पडद्यावर दिसलेला स्फोट क्षणात खिडकीबाहेरही दिसतो. ही चाल कटसीन नाही. ती खेळाडूने चालायची आहे. म्हणून ‘फक्त कटसीन’ या तत्त्वावर चालणारा संकलक नेमकी तीच कापतो, आणि सबंध गेममधली सर्वांत हुशारीने रचलेली भीती हरवून बसतो.

याहून बोलके उदाहरण शिडीचे आहे. त्या गेममध्ये नायक जोएलने, म्हणजे साराच्या वडिलांनी, पुढे सोबत असलेल्या एली या मुलीला वर चढवायचे आणि तिने वरून शिडी खाली सोडायची, हे काम खेळाडूला इतक्या वेळा करावे लागते की त्याचा वीट येतो. शेवटाकडे असताना मात्र एली एकदा वर चढते, शिडी हातातून टाकून देते आणि काहीतरी पाहून धावत सुटते. नित्यक्रम मोडला म्हणून खेळाडू दचकतो, आणि त्यानंतर येणारे जिराफांचे दृश्य त्याला लागते. आधीच्या साऱ्या शिड्या ‘रटाळ’ म्हणून कापलेल्या असतील, तर मोडायला नित्यक्रमच उरत नाही. तेव्हा किमान दोन शिड्या चित्रपटात ठेवाव्याच लागतात, एक पूर्वार्धात आणि एक मध्यावर, आणि त्या निरस आहेत म्हणूनच ठेवायच्या. जिराफांच्या दृश्यातही कठड्याला टेकून किती वेळ पाहत राहायचे हे गेमने खेळाडूवर सोडलेले आहे. कोणी दहा सेकंदांत निघतो, कोणी तीन मिनिटे उभा राहतो. संकलकाला तिथे एक आकडा ठरवावा लागतो, आणि त्या एका आकड्यावरून त्याची पारख होते.

कोणता गेम निवडावा?

कथा सरळ रेषेत जाणारी, पात्रे थोडी आणि बोलकी, आणि कॅमेरा पात्राच्या पाठीमागे असलेला गेम नवख्याने घ्यावा. ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ हा २०१७ चा गेम त्या दृष्टीने चांगला आहे, आणि मराठी माणसाला त्यात वेगळा रस वाटावा, कारण तो पश्चिम घाटात घडतो, होयसळ शिल्पांच्या अवशेषांत शोध चालतो आणि गणपतीच्या तुटलेल्या दाताची व परशुरामाच्या परशूची कथा खेळाच्या ओघात सांगितली जाते. अडचण एकच: चौथ्या प्रकरणात जीप घेऊन मोकळ्या प्रदेशात हवे तिथे भटकता येते, आणि तो भाग चित्रपटात फुगतो. तिथे निर्दय व्हावे.

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या स्टुडिओचा ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ (२०२०) हा आणखी एक पर्याय. भाऊ गोलूच्या शोधात निघालेल्या राजीची कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या निवेदनातून उलगडते, आणि कटसीन छायाबाहुल्यांच्या खेळासारखे केलेले आहेत. निवेदन आयते मिळत असल्यामुळे सांधे बेमालूम बसतात.

काही गेम या कामाला मुळातच आडवे जातात. ‘हाफ-लाइफ २’ मध्ये दृष्टी सतत नायकाच्या डोळ्यांतून असते, नायक एक शब्दही बोलत नाही आणि वेगळे कटसीन नाहीतच; तिथे खेळाडूने मान कशी वळवली हेच छायाचित्रण. २०१८ च्या ‘गॉड ऑफ वॉर’ मध्ये त्याउलट संकट आहे. तो गेम आरंभापासून अंतापर्यंत कॅमेरा एकदाही न तोडता, एकाच अखंड शॉटमध्ये रचलेला आहे, त्यामुळे संकलकाने मारलेला प्रत्येक कट ही दिग्दर्शकाच्या मूळ कल्पनेची मोडतोड ठरते. काही चाहते हे कट काळोखात, दाराआड किंवा खडकाला घासून जाणाऱ्या कॅमेऱ्यात लपवतात; त्यासाठी तसे क्षण खेळतानाच हेरून ठेवावे लागतात.

कथेला फाटे फुटणाऱ्या गेमचे काय करावे?

‘डेट्रॉइट: बिकम ह्यूमन’ सारख्या गेममध्ये तीन नायक आहेत, आणि खेळाडूच्या निर्णयांनुसार त्यांच्यापैकी कोणीही शेवटापर्यंत पोहोचेल याची खात्री नसते. अशा वेळी ‘सर्वांत चांगला शेवट’ निवडण्याचा मोह होतो. आमचा अनुभव असा की सगळे निर्णय योग्य घेणारे पात्र चित्रपटात निर्जीव दिसते. खेळाडूला बक्षीस वाटणारी गोष्ट प्रेक्षकाला सपाट वाटते. आधी शेवट ठरवावा, मग त्या शेवटाला न्याय देणाऱ्या दोन-तीन चुका पात्राच्या हातून होऊ द्याव्यात, आणि मगच खेळायला बसावे. दोन निरनिराळ्या मार्गांवरची दृश्ये एकत्र करू नयेत. कोणाच्या तरी कपाळावरची जखम एका दृश्यात असते आणि दुसऱ्यात नसते.

लांबी किती असावी?

कथेला लागेल तेवढी. पण तीन तासांच्या पुढे गेल्यास भाग पाडावेत. यूट्यूबवर खाते पडताळलेले नसेल तर पंधरा मिनिटांहून मोठी चित्रफीत चढवता येत नाही. पडताळणीनंतर १२ तास किंवा २५६ जीबी, यांपैकी जे कमी असेल ती मर्यादा. अकरा तासांचे ‘चित्रपट’ तिथे पुष्कळ आहेत. त्यांना संग्रह म्हणावे.

चित्रण करताना कोणती काळजी घ्यावी?

गेम एकदा नुसता खेळून संपवावा आणि चित्रण दुसऱ्या खेपेस करावे, कारण पुढे काय येणार हे माहीत असल्याशिवाय पात्राला कुठे उभे करावे ते कळत नाही. सेटिंगमध्ये जाऊन पडद्यावरील सर्व खुणा, आयुष्याची पट्टी, नकाशा आणि गेमची सबटायटल्स बंद करावीत. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी वेगळी सेव्ह फाइल, म्हणजे खेळ तिथूनच पुन्हा सुरू करता येईल अशी नोंद, ठेवावी. चालताना कॅमेरा गरागरा फिरवण्याची सवय मोडावी. खेळाडूला जे सहज वाटते त्याने प्रेक्षकाला भोवळ येते.

सातत्य हा स्वतंत्र विषय आहे. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ मध्ये नायकाची दाढी आणि केस दिवसागणिक वाढतात, टोपी मारामारीत पडून हरवते, आणि कटसीनमध्ये तो त्या क्षणी जसा असेल तसाच दिसतो. तेव्हा दाढी केव्हा करायची याचे वेळापत्रक कागदावर असलेले बरे. याच गेममध्ये घोडदौडीच्या वेळी कॅमेरा आपोआप चित्रपटासारखे लांबचे कोन घेईल अशी सोय आहे. दोन प्रसंगांमधले सांधे भरायला असे शॉट भरपूर घेऊन ठेवावेत.

संगणकावर ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यात चित्रण एमकेव्ही प्रकारात साठवावे, कारण मध्येच वीज गेली किंवा गेम कोसळला तर साधी एमपी४ फाइल बहुधा निकामी होते, एमकेव्ही मात्र तिथपर्यंत शाबूत राहते. नंतर तिचे रूपांतर ओबीएसमध्येच करता येते. फ्रेमचा वेग स्थिर ठेवावा. वेग बदलता असेल तर संकलन करताना ओठ आणि आवाज यांची फारकत होते, आणि तीन तासांच्या फायलीत ती शोधणे हा मनस्ताप असतो. सेकंदाला ६० फ्रेमचे चित्रण ‘सिनेमासारखे दिसावे’ म्हणून २४ वर आणण्याचा हव्यास धरू नये, कारण ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही आणि हालचाल अडखळते. ३० वर आणणे मात्र सुरळीत होते. जागेचा हिशेब आधी करावा: सेकंदाला ५० मेगाबिट या दराने तासाला साडेबावीस जीबी लागतात, म्हणजे पंधरा तासांच्या खेळाला सुमारे ३४० जीबी.

कन्सोलवर आणखी एक अडथळा येतो. प्लेस्टेशन ४ वर बाहेरील यंत्राने चित्रण करायचे असल्यास एचडीसीपी हे नक्कल रोखणारे संरक्षण सेटिंगमधून बंद करावे लागते, आणि कन्सोलच्या स्वतःच्या चित्रणसोयीतून काही दृश्ये वगळण्याची मुभा गेम करणाऱ्यांना असते. अॅटलस कंपनीने २०१७ मध्ये ‘पर्सोना ५’ इंग्रजीत आणताना ही मुभा सढळ हाताने वापरली होती.

आवाज आणि संगीत यांचे काय?

शक्य असल्यास गेममध्येच संगीत, संवाद आणि इतर ध्वनी यांचे वेगवेगळे नियंत्रण पाहावे आणि सांध्याच्या जागी लागणारा भाग संगीत बंद करून दुसऱ्यांदा चित्रित करावा. चित्राचा कट प्रेक्षक माफ करतो. संगीताच्या मधोमध पडलेला कट मात्र बहिऱ्यालाही ऐकू जातो. उपाय जुनाच आहे: पुढच्या प्रसंगाचा आवाज त्याच्या चित्राच्या एक-दोन सेकंद आधी सुरू करावा. गेममध्ये परवान्याने घेतलेली प्रसिद्ध गाणी असतील तर यूट्यूबची स्वयंचलित तपासणी ती ओळखते. ‘सायबरपंक २०७७’ सारख्या गेममध्ये अशी गाणी बंद करण्याचा पर्याय दिलेला आहे. तो चालू करून मगच चित्रण करावे.

मराठी सबटायटल्स द्यावीत का?

अवश्य. घरातल्या ज्या मंडळींच्या हाती कंट्रोलर कधी येणार नाही त्यांच्यापर्यंत ही कथा पोहोचण्याचा तोच खरा मार्ग आहे. सबटायटल्स चित्रात कोरून न टाकता वेगळ्या एसआरटी फायलीत, यूटीएफ-८ या संकेतनात ठेवावीत. चित्रात कोरायचीच असतील तर आधी एक ओळ तपासून पाहावी, कारण काही संकलन-सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीसाठीची मजकूर-व्यवस्था वेगळी चालू केल्याशिवाय जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. भाषांतरात पात्रांची नाती आधी ठरवावीत. इंग्रजीत सगळे एकमेकांना ‘यू’ म्हणतात. एली जोएलला पहिल्या दिवशी ‘तुम्ही’ म्हणेल की ‘तू’, आणि ‘तुम्ही’चे ‘तू’ कोणत्या प्रसंगानंतर होईल, हा निर्णय मराठी करणाऱ्यालाच घ्यावा लागतो.

हे कायदेशीर आहे का?

पुढील माहिती सर्वसाधारण आहे. तिला वकिलाचा सल्ला समजू नये. गेममधील चित्रे, संवाद, संगीत आणि दृश्ये यांचे हक्क त्यांच्या मालकांकडे असतात, आणि आपण गेम विकत घेतला म्हणजे त्या दृश्यांचा चित्रपट प्रसिद्ध करण्याचा हक्क विकत घेतला असे होत नाही. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील कलम ५२ हे खासगी वापर, टीका किंवा परीक्षण, आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन यांसाठी रास्त वापराची मोकळीक देते. कथा संपूर्ण दाखवणारा आणि कसलेही भाष्य नसलेला चित्रपट यांपैकी टीकेत किंवा परीक्षणात बसवणे कठीण आहे. घरच्यांना दाखवण्यासाठी करून ठेवणे निराळे आणि सर्वांसाठी प्रसिद्ध करणे निराळे. अमेरिकेतील ‘फेअर यूज’चा हवाला आपल्याकडे अनेकजण देतात, परंतु तो त्या देशाचा कायदा आहे, आणि तिथेही त्याचा निर्णय प्रकरणागणिक होतो.

प्रत्यक्षात हा सारा व्यवहार कंपन्यांच्या मर्जीवर चालतो. काही कंपन्यांनी ती मर्जी लेखी दिली आहे. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये आपल्या गेममधील सामग्रीच्या वापराचे नियम जाहीर करून अव्यापारी कलाकृतींना अटींवर परवानगी दिली. निन्टेंडोच्या नोव्हेंबर २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मात्र चित्रफीत करणाऱ्याने स्वतःची सर्जनशील भर घालावी अशी अपेक्षा आहे, आणि निव्वळ उतरवून घेतलेले चित्रण त्यात बसत नाही. ज्या गेमचा चित्रपट करायचा त्याच्या प्रकाशकाचे नियम आधी वाचावेत, आणि त्या दिवशीच्या पानाची प्रत जपून ठेवावी.

यावरून कोणाला शिक्षा झाली आहे का?

जपानमध्ये झाली आहे. ‘स्टाइन्स;गेट’ मालिकेतील एका गेमचे शेवटासकट चित्रण, तसेच काही अॅनिमे मालिकांच्या संक्षिप्त आवृत्त्या यूट्यूबवर टाकून जाहिरातींतून उत्पन्न मिळवणाऱ्या एका व्यक्तीला २०२३ च्या मे महिन्यात अटक झाली, आणि सप्टेंबरमध्ये सेंदाईच्या जिल्हा न्यायालयाने दोन वर्षांचा कारावास, त्याला पाच वर्षांची स्थगिती, आणि दहा लाख येन दंड अशी शिक्षा सुनावली. हा गेम ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ प्रकारचा होता, म्हणजे वाचणे हेच तिथे खेळणे. अशा गेमचा शेवट दाखवला की विकायला फारसे काही उरत नाही, हे नाकारता येणार नाही. लढाया आणि कोडी असलेल्या गेमची गोष्ट काहीशी वेगळी आहे. तरीही गेम नुकताच बाजारात आलेला असताना त्याचा शेवट प्रसिद्ध करणे हे कायद्याआधी सौजन्यातच बसत नाही.

यातून पैसे मिळवता येतात का?

जाहिरातींपुरते काही कंपन्या चालवून घेतात. चित्रपट विकणे किंवा तिकीट लावून दाखवणे कोणीही चालवून घेत नाही. उत्पन्नाच्या भरवशावर हे काम हाती घेऊ नये.

केलेले काम टिकवावे कसे?

यूट्यूब हे प्रदर्शनगृह आहे, कोठार नव्हे. २०१९ च्या जानेवारीत ‘मशिनिमा’ या मोठ्या वाहिनीवरील वर्षानुवर्षांच्या हजारो चित्रफिती एका दिवसात खासगी करण्यात आल्या, आणि ज्यांनी त्या केल्या होत्या त्यांच्यापैकी अनेकांकडे स्वतःची प्रत नव्हती. अंतिम चित्रपटाची मूळ दर्जाची फाइल, संकलनाची प्रकल्प-फाइल, सबटायटल्सची फाइल आणि गेमच्या सेव्ह फायली दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात. कच्चे चित्रण जागेअभावी टाकावे लागले तर टाकावे. सेव्ह फाइल असली की ते पुन्हा करता येते.

पहिला प्रयत्न केवढा असावा?

एका प्रकरणाचा. वीस मिनिटे संकलित करावीत आणि तो गेम कधीही न खेळलेल्या एका माणसाला, मध्ये काहीही न समजावता, दाखवावीत. ज्या जागी तो ‘हा इथे कसा आला?’ असे विचारेल तिथे एक सांधा कमी आहे, आणि ज्या जागी तो मोबाइल हातात घेईल तिथे एक शिडी जास्त आहे.